शेर्ब्रो बेटावरचं आपलं आडनाव

बाबा, तुमचं आडनाव संपलेलं नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते माझ्याकडून कळावं याची मला थोडी मजाही वाटते आहे. आयुष्यभर तुम्ही त्या आडनावासाठी उसासे टाकलेत. मुलगी झाली म्हणून टाकलेत, दुसरं मूल झालं नाही म्हणून टाकलेत, जेवताना आईच्या ताटाकडे न बघता म्हणालात, "आपलं घराणं माझ्यापाशी खलास." मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही तेव्हा तुम्हाला बरं वाटेल अशी माझी वेडी समजूत होती. तुम्ही वर्तमानपत्र खाली न घेताच म्हणालात, "तू ठेवून काय उपयोग? शेवटी मुलगीच." तर ऐका. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून शेर्ब्रो नावाचं बेट आहे, तिथल्या लोकांनाही शेर्ब्रोच म्हणतात, आणि त्या बेटावरच्या बोंथे गावात आपलं आडनाव लावणारी माणसं आज राहतात. त्यांत मुलगे आहेत, नातू आहेत, शाळेत हजेरीला "प्रेझेंट" म्हणणारी पोरं आहेत. स्पेलिंग थोडं वाकडं झालंय, पण उच्चार तुमच्यापेक्षा खणखणीत करतात.

बोंथे तुम्हाला आठवतच असेल. मुलुंडच्या आपल्या सोसायटीत दर गणपतीला एका संध्याकाळी तुमचं "आफ्रिकेतील माझे अनुभव" असायचं. तिथल्या राजधानीतल्या, फ्रीटाउनच्या, एका सिंधी शेठजींच्या कापडदुकानाची बोंथेला शाखा होती आणि लग्नाआधी तिथे तुम्ही चार वर्षं मॅनेजर होतात, एवढीच काय ती तुमची पात्रता. मी पहिल्या रांगेत बसलेली असायचे. तुम्ही पांढऱ्या भिंतीवर स्लाइड्स दाखवायचात: चिखलातली होडी, तुमचा हाफपँटमधला फोटो, आणि लाकडी काळा मुखवटा घातलेली, अंगभर काळं गवत लपेटलेली एक आकृती. "ही त्यांची भुतं," तुम्ही सांगायचात. "ही नाचवतात, म्हणजे पीक येतं." लोक हसायचे. मग तुमचा हुकमी विनोद यायचा. "तिथल्या मुखियाने मला आपली भाची देऊ केली होती बरं का! मी म्हटलं, नको बुवा, आमची ठाण्याची ठरलीय." मंडपात हशा. दुसऱ्या रांगेत आई पदर सावरत हसते. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, त्यांची भाषा बोलून दाखवा ना," तर तुम्ही माकडासारखं तोंड करून काहीतरी चित्कारलात, आणि सेक्रेटरीकाकांनी सगळ्यात जोरात टाळी वाजवली. चार वर्षं एका गावात राहून ज्याला तिथलं एक वाक्य येत नाही, तो माणूस दरवर्षी तासभर त्यांच्यावर व्याख्यान देतो. आता मला त्याचं हसू येत नाही, शिसारी येते.

मागच्या हिवाळ्यात त्या बोंथेची एक बाई आमच्या ऑफिसात आली. मी इथे आखातात, जबल अलीच्या बंदरावर एका फ्रेट कंपनीत आहे हे तुम्हाला माहीत आहे, नोकरी लागली तेव्हा तुम्ही होतात. आमच्याकडे आफ्रिकेतल्या व्यापारी बायका खूप येतात. देऱ्याच्या बाजारात कापड, भांडी, चपला घेतात, कंटेनर भरतात, परत जातात. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आफ्रिकन पार्टी है, जरा संभालके." तुमचीच जात, फक्त वय कमी. समोर पन्नाशीतली उंच बाई उभी होती, डोक्याला निळं फडकं घट्ट गुंडाळलेलं. तिने माझ्या छातीवरच्या बॅजकडे बघितलं, चष्मा लावला, परत बघितलं आणि आपलं आडनाव मोठ्याने वाचलं. बरोबर वाचलं. इथे इतक्या वर्षांत एकाही बिगरमराठी माणसाला ते जमलेलं नाही.

"हे माझं नाव आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

मला वाटलं, तिची काहीतरी गल्लत होते आहे. म्हटलं, "मॅडम, हे भारतीय नाव आहे. मराठी."

"माझे वडील भारतीयच होते. बोंथेला कापडाचं दुकान चालवायचे. माझ्या जन्माआधी गेले."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या दोन्ही भुवया नाकाच्या वर मधोमध जुळलेल्या होत्या. बाबा, मी दर महिन्याला पार्लरमध्ये जाऊन ज्या भुवया उपटून वेगळ्या करून घेते त्याच त्या भुवया, तुमच्या. तिने त्या तशाच ठेवल्या होत्या. माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, कुछ प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "यल्ला, चल, तू चहा पिऊन ये."

खालच्या कॅफेटेरियात आम्ही बसलो. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. तीच बोलत होती, शांतपणे, एखाद्याला आपल्या गावचा रस्ता सांगावा तशी. त्यांच्याकडे पाण्यावरून येणाऱ्या कुठल्याही परक्याला आधी एक यजमान मिळतो. यजमान त्याला घर देतो, त्याच्या वतीने बोलतो, त्याने भांडण केलं किंवा उधारी बुडवली तर उत्तर यजमानाने द्यायचं. पाहुणा बराच काळ राहणार असेल तर यजमानाच्या घरातलीच मुलगी त्याला लग्नात देतात, म्हणजे तो परका राहत नाही. ही काही तुमच्यासाठी काढलेली सोय नव्हती. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रज व्यापारी तिथे आले तेही असेच कुणाचे तरी पाहुणे झाले, शेर्ब्रो मुखियांच्या घरांत त्यांची लग्नं झाली, आणि त्यांची मुलं आईच्या घराण्यातून मोठी होऊन स्वतःच मुखिया बनली. आजही तिकडे जुन्या सत्ताधारी घराण्यांची आडनावं अस्सल इंग्रजी आहेत आणि माणसं अस्सल शेर्ब्रो. "सगळं चांगलंच केलं त्यांनी असं नाही," ती म्हणाली. "त्याच घराण्यांनी माणसं पकडून गोऱ्यांच्या जहाजांना विकली. आम्ही तेही विसरत नाही. पण नाव कुठून आलं, याची आम्हाला लाज नसते. मूल आईच्या घराचंही असतं आणि बापाच्या घराचंही. माझ्यापुरतं बापाचं घर म्हणजे एक आडनाव होतं, तेवढं मी घेतलं. माझ्या मुलांनीही घेतलं."

तिच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या आईच्या मामांनी, तुम्हाला घर दिलं होतं. तेच तुमच्या विनोदातले मुखिया. त्यांची भाची तुम्ही नाकारली नव्हतीत. दोन वर्षं तिच्याबरोबर संसार केलात आणि तिला दिवस गेलेले माहीत असताना बोटीत बसलात. मी ताडकन म्हणाले, "त्यांना भीती वाटली असेल, तुम्ही लोक सोडणार नाही याची." वकिली केली मी तुमची, अजूनही जीभ आपोआप वळते. तिने मान हलवली. "कुणी अडवलं नसतं. परका माणूस एक दिवस जातोच. मान म्हणून कोलाचं फळ आणि थोडं कापड घेऊन यजमानाकडे जायचं, बसायचं, मला निघायचंय म्हणायचं. ते आशीर्वाद देतात, मूल आमच्या घरात वाढतं, माणूस मोकळा. माझे आजोबा त्याच्यासाठी अख्ख्या गावाला जबाबदार होते, आणि तो निरोप न घेता गेला. चोर जातो तसा. आजोबांना गावाने कित्येक वर्षं विचारलं, तुझा पाहुणा कुठे आहे?"

बाबा, मी दुष्ट बाप पचवू शकले असते. दुष्टपणाला निदान पाठीचा कणा लागतो. पण समोरचा दरवाजा उघडा असताना तुम्ही मागच्या खिडकीतून उडी मारलीत, कारण दरवाजा उघडा आहे का हे विचारण्याइतकंही त्या माणसांना तुम्ही माणूस मानलं नव्हतंत. आणि मग तीस वर्षं त्याच खिडकीची गोष्ट मंडपात सांगून टाळ्या घेतल्यात.

रविवारी मी तिला अल बर्शाला घरी बोलावलं. नवरा आदल्या दिवशी म्हणाला, "तू भोळी आहेस. मुलुंडच्या फ्लॅटवर हक्क सांगायला आली असेल." मी म्हटलं, "तो फ्लॅट बोंथेला नेऊन ती काय करणार? अरे, तिची फ्रीटाउनला दोन दुकानं आहेत." ती येताना देऱ्याहून लाल पाम तेल, कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, पाला आणि सुका धुरावलेला मासा घेऊन आली आणि माझ्या ओट्यावर स्वतःच्या घरात असल्यासारखी उभी राहिली. घरभर असा वास पसरला की शेजारच्या केरळी बाईंनी दार वाजवून विचारलं, "क्या बना रहे हो, मुझे भी दो." भात शिजला तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे भात खाल्ला नाही तर माणूस जेवलाच नाही असं धरतात, मग दिवसभर बाकी काहीही खाल्लेलं असो. मला हसूच आलं. तुम्ही मंडपात सांगायचात, "तिथे आम्ही काय खाल्लं ते विचारू नका, तुम्हाला जेवण जाणार नाही." काय खाल्लंत? भात आणि मासे. राजापूरला आजीच्या हातचं जे खात मोठे झालात तेच.

माझी मुलगी खोलीतून हेडफोन काढत बाहेर आली. "ममा, हू इज शी?"

"शी इज युअर मावशी."

"लाइक, रिअल मावशी?"

"रिअल," मी म्हटलं. तिने "कूल" म्हटलं, प्लेट घेतली आणि मावशीच्या शेजारी जाऊन बसली. जे तुम्हाला एका आयुष्यात जमलं नाही ते तिला एका शब्दात जमलं. जेवताना तिने विचारलं, "आँटी, तुमची भाषा बोला ना." ती दोन वाक्यं बोलली, हळू, आठवून आठवून. मग म्हणाली, माझी शेर्ब्रो मोडकीच आहे. गावात म्हातारी माणसं बोलतात, मासेमारीला जाणारे बोलतात. शेजारचे मेंडे लोक जास्त, म्हणून लग्नं त्यांच्यात, मुलं मेंडे बोलतात, बाजारात सगळ्यांची मिसळलेली क्रिओ बोली, शाळेत इंग्रजी. "माझ्या मुलांना शेर्ब्रोत फक्त प्रार्थना येते," ती म्हणाली. "आमचे पूर्वज आता फार कमी जणांचं ऐकत असतील." माझी मुलगी खाली बघून भात कालवत राहिली. तिला मराठीत ओरडा कळतो, उत्तर ती इंग्रजीतच देते.

मी मुखवट्याचं विचारलं. तुमच्या स्लाइडमधलं ते काळं भूत, मानेवर वळ्या असलेलं, बारीक मिटलेल्या डोळ्यांचं. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "ते बायकांच्या मंडळाचं आहे. आमच्याकडे तो मुखवटा बाई घालते. माझी आई त्या मंडळातली मोठी बाई होती, पुढे आमच्या घराण्याची प्रमुखही झाली. आमच्याकडे बाई प्रमुख होते, त्यात नवल नाही. बाकी मी तुला काही सांगणार नाही." आवाज चढला नव्हता, पण दार बंद झाल्याचं कळलं. सख्ख्या बापाच्या मुलीला जी गोष्ट ती सांगत नाही, ती तुम्ही केळी-नारळाच्या आरासीशेजारी उभं राहून भिंतीवर दाखवलीत, काठीने टकटक करत.

भांडी विसळताना तिने मला विचारलं, "येतो, म्हणजे काय?"

"काय?"

"येतो. आईला तुमच्या भाषेतला तेवढाच शब्द येत होता. बोटीत बसताना तो तिला हे म्हणाला होता. त्यानेच आधी तिला शिकवलेलं, दुकानातून घरी यायचा तेव्हा दाराबाहेरून ओरडायचा, येतो, म्हणजे मी येतोय. म्हणून ती थांबली. आजोबांनी दुसरं लग्न ठरवलं तेव्हाही म्हणाली, त्याने सांगितलंय तो येतो म्हणून. मी बारा वर्षांची होईपर्यंत तिने दुसरा नवरा केला नाही."

नळ चालू होता, तो मी बंद केला. तुम्हीच सांगा, बाबा, मी काय सांगायचं होतं? आपल्यात जाताना कुणी "जातो" म्हणत नाही, हे मी तिला सांगितलं. जातो म्हणणं अशुभ, म्हणून पार स्मशानाच्या दारातूनही माणूस "येतो" म्हणूनच निघतो. तो शब्द म्हणजे वचन नसतं, सवय असते. ती बराच वेळ ओला हात फडक्याला पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो खोटं बोलला नाही."

"नाही," मी म्हटलं. "त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत."

ती हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, तिकडे लढाई सुरू झाली, बंडखोर आले, आम्ही होड्यांतून खाडीत लपलो, तेव्हा आई कुणाला पुढे पाठवताना "येतो" म्हणायला लावायची. तिला वाटायचं हा शब्द म्हटला की माणूस परत येतो. आणि खरंच, आमच्या होडीतले सगळे परत आले. तुमची बेफिकिरी त्या बाईने मंत्र म्हणून वापरली आणि तो चाललाही. याचं श्रेय घ्यायला तुम्ही असतात तर नक्की घेतलं असतंत, एक नवी स्लाइड केली असतीत.

निघण्याआधी तिने खरं काम काढलं. तुम्ही कधी गेलात, कुठे गेलात, हे तिला हवं होतं. मी सांगितलं, मुलुंडला, हॉस्पिटलमध्ये, वीस वर्षं होत आली. ती म्हणाली, आता आम्ही घरी भात शिजवू, पूर्वजांपुढे ठेवू, पाणी ओतून त्यांना सांगू की आमचा पाहुणा मेला, त्याला आत घ्या. मी चिडले. म्हटलं, "त्यांच्यासाठी? तुम्ही? त्यांची तेवढी लायकी नाही."

"लायकी कोण बघतंय?" ती म्हणाली. "त्याने निरोप घेतला नाही, म्हणून आमच्या हिशेबी तो अजून आजोबांचा पाहुणा आहे. आजोबा गेले, आई गेली, आता तो माझ्यावर आहे. मला मोकळं व्हायचंय." मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तू त्याची दुसरी मुलगी. तुलाही काही सांगायचं असेल. तुमच्याच भाषेत लिही आणि वाचून व्हॉइस नोट पाठव. मी फोन भाताशेजारी ठेवीन. त्याला कळेल, बाकी कुणाला कळायची गरज नाही."

म्हणून हे लिहिलं. गेल्या चार संध्याकाळी लिहिते आहे, मुलगी क्लासला गेली की. लिहिताना मला कळलं की तुमच्याबद्दलचा तिरस्कार माझ्यात किती वर्षं शिळा होऊन पडला होता. आईचं ते दुसऱ्या रांगेतलं हसू मी आता वेगळं वाचते. तिला माहीत होतं का, हे विचारायला तीही राहिली नाही. तुमच्या शेर्ब्रो मुलीकडे तुमच्याविरुद्ध सगळं काही होतं, आणि तिने तुम्हाला एकही शिवी दिली नाही. मी शिव्याच दिल्या. पण बोंथेत त्या घराच्या ओसरीवर, त्या माणसांच्या जेवणाशेजारी, त्यांना न कळणाऱ्या भाषेत मी त्यांच्या पाहुण्याची निंदा वाजवायची? तुम्ही त्यांच्याबद्दल त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलायचात. मला तुमच्यासारखं व्हायचं नाही. हे पाठवणार नाही.

आज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून घेतला. ओसरीवर माणसंच माणसं, तुमच्या भुवयांची दोन लहान पोरं कॅमेऱ्यात तोंड घालत होती. मधे भाताचं मोठं घमेलं, लाल तेल, बाजूला तुमच्यासाठी काढलेलं ताट. एका म्हाताऱ्याने पाणी ओतलं आणि तुमचं आडनाव घेतलं. ती म्हणाली, "बोल आता. व्हॉइस नोट नाही पाठवलीस, निदान तोंडाने बोल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून तुमच्याविषयी एकच वाक्य आलं, बाबा, तेही इंग्रजीत, तिला कळावं म्हणून. मी म्हटलं, त्या ताटातल्या माशाचे काटे काढून ठेवा, शेवटी शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं.